बहिरूतात्या चौकशीला बसतात

आमच्या बोरी बुद्रुकमध्ये मुलीला स्थळ सांगून आलं की पत्रिका मागाहून बघत, आधी बहिरूतात्यांना गाठत. तात्या मग मुलाच्या गावी जात आणि एक संध्याकाळभर तिथं बसून येत. नुसते बसत. कुणाला काही विचारत नसत. परत आले की मुलीच्या बापाला एकच शब्द सांगत, ‘द्या’ किंवा ‘नको’. तीस वर्षांत त्यांच्या ‘द्या’वर दिलेली एकही पोर माहेरी रडत आली नाही. भांडून आल्या, पण रडत नाही. तात्यांना हा फरक फार मोलाचा वाटे.

संध्याकाळच का, असं कुणी विचारलं तर तळहातावर तंबाखू मळत ते सांगत, “दिवसा मानूस कामाचा असतो, रातच्याला घरच्यांचा. दिवस कलला की घटकाभर त्यो कुनाचाच नसतो. तवा त्यो जसा वागंल, तसा त्यो खरा.”

हे शहाणपण त्यांना सहजी आलेलं नव्हतं. तरुणपणी चुलतबहिणीसाठी त्यांनी पहिलं स्थळ पाहिलं ते भरदुपारी. मुलगा खताच्या दुकानात ऐटीत गल्ल्यावर बसलेला दिसला, म्हणून तात्या खूश होऊन परतले. लग्न झाल्यावर कळलं, दुकानाचा मालक जेवायला गेला होता आणि मुलगा नुसता सावलीला टेकला होता. चुलतबहीण पुढं सुखानं नांदली, ती गोष्ट निराळी. पण तात्यांनी तेव्हापासून दुपार सोडली ती सोडलीच.

चौकशीला जायचा त्यांचा एक सरंजाम असे. डोक्याला परीटघडीची टोपी. हातात छत्री, तीही बारमाही, कारण तिच्या मुठीवर हनुवटी टेकून तासन् तास बसता येतं. आणि कापडी पिशवीतून डोकं वर काढून बघणारी कोथिंबिरीची एक जुडी. बाजाराला आलेलं कुणी म्हातारं माणूस दमून बसलंय, असं लोकांना वाटावं म्हणून. ही जुडी त्या त्या गावात उतरल्या उतरल्या ते विकत घेत. आपण कोण, कशाला बसलोय, हे कुणाला म्हणून कळत नाही, याचा त्यांना मोठा अभिमान होता. रस्त्यानं जाणारे-येणारे त्यांच्याकडं बघून जरा हसत, ते तात्यांना चांगुलपणाचं वाटे.

दोन हजार सहाच्या थंडीत ही विद्या त्यांच्या स्वतःच्या घरावर उलटली.

त्यांची नात हर्षाली लग्नाची झाली होती. बाप संपत भोसरीला कारखान्यात, शनिवारी यायचा आणि सोमवारी जायचा. पोर वाढली ती तात्या आणि चिमाबाई या आजी-आजोबांजवळ. बी.ए. झाली, ट्रॅक्टर शिकली, आणि तात्यांचं ऐकायचं नाही तेही शिकली. तिला एका वर्षात चार स्थळं आली. चारही ठिकाणी तात्या जाऊन बसले आणि चारही वेळा ‘नको’ घेऊन आले.

मंचरचा मुलगा भजी खाऊन तेलकट हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीला पुसत होता. “उद्या त्या खुर्चीत कुनीतरी बसनारच की,” तात्या म्हणाले. घोडेगावचा मुलगा चहाचे पैसे द्यायची वेळ आली की बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचा. यात वाईट काय, असं चिमाबाईंनी विचारलं. तात्या म्हणाले, “त्याच्या पायात चप्पल व्हती.” ओतूरचा माणसांशी बोलताना दुकानाच्या काचेत स्वतःला बघायचा. आणि आळेफाट्याच्या मुलात खरं तर काही खोट नव्हती. त्याच्यासमोर एक सायकलवाला पडला, तर त्यानं धावत जाऊन उचललं. पण आधी हसला, मग उचललं. “आधी उचलायचं,” तात्या म्हणाले, “मंग दोघांनी मिळून हसायचं.”

चिमाबाईंचा धीर त्या दिवशी सुटला. “लोकांच्या पोरींची घरं भरली आन् घरातल्या पोरीला निस्त्या खोडी. अवो, तुमी सोता कदी कुनाच्या चौकशीला उभं ऱ्हायला व्हतात का? माझ्या बानं तुमाला संध्याकाळचं बघितलं असतं तर मी आज येडगावात नांदत असते.”

पाचवं स्थळ जुन्नरचं आलं. मुलगा अमृत. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळल्या की त्यांची तार नव्यानं भरून द्यायचं त्याचं दुकान होतं. निरोप असा होता की दुसरंही एक स्थळ वाट बघतंय, तेव्हा उद्या सकाळी आठपर्यंत फोनवर काय ते कळवा. हर्षालीनं फोटो बघितला, पुन्हा बघितला आणि ताटाखाली ठेवून दिला.

तात्या टोपी घालायला लागले तेव्हा ती दारात आली.

“तात्या, हा बरा दिसतोय.”

“फोटूत समदेच बरे दिसत्यात.”

“म्हणूनच सांगते. बरा असला तर बरा म्हणून या. वाईट असला तर वाईट म्हणा. पण खुर्ची, नाडी आणि काच नको आता.”

“आन् ‘नको’ घिऊन आलात,” आतून चिमाबाई म्हणाल्या, “तर उद्यापासून भाकरी सोता थापायची.”

तात्यांनी छत्री उचलली. दुपारच्या एस.टी.नं निघाले.

जुन्नरात संध्याकाळ इतर गावांपेक्षा लवकर होते. सूर्य मावळायच्या आधीच शिवनेरीच्या पाठीमागं जातो, आणि किल्ल्याची सावली पेठेतल्या पत्र्यांवरून, गच्च्यांवरून हळूहळू अशी पुढं सरकते की जणू कुणी निजलेल्या लेकराच्या पायाकडून गोधडी वर ओढत आणतंय. वर आभाळात ऊन असतं आणि खाली रस्त्यावर दिवेलागणीची घाई. तात्यांना ही घटका फार आवडायची. स्थळ नसतं तरी ते हे बघायला आले असते, पण तसं कबूल करणं त्यांच्या वयाला शोभलं नसतं.

ते पुखराजशेठच्या कापडदुकानाच्या पायरीवर बसले. अमृतचं दुकान बरोबर समोर, मधे दहा पावलांचा रस्ता. पुखराजशेठ जैन, दिवस मावळायच्या आत जेवायचे. म्हणून या वेळेला ते दुकानामागच्या घरात जेवून तिकडूनच मंदिरात जात, आणि ते येईपर्यंत त्यांची बायको मोहनबाई गल्ल्यावर बसे. तिनं तात्यांकडं पाहिलं, कोथिंबिरीकडं पाहिलं आणि पदराआड तोंड लपवलं. तात्यांना वाटलं, बाई लाजाळू आहे.

हनुवटी छत्रीवर टेकली आणि तात्या बघू लागले. एका लूनावर तिघं जण आणि वर सिलेंडर. चालवणाऱ्याचा चेहरा मात्र विमान उतरवणाऱ्यासारखा. दोन बायका वाटेत थांबून ‘निघते हं’ म्हणाल्या आणि त्यानंतर पाव तास बोलल्या. तात्यांच्या मनात आलं, बायका निघते म्हणतात तेव्हा खरं बोलणं सुरू होतं, पुरुष ‘बसा की’ म्हणतात तेव्हा संपलेलं असतं. भेळवाला कांदा कापताना रडत होता आणि रडता रडता गिऱ्हाइकाला हसवत होता. एक मास्तर चालता चालता हवेत बोटानं काही लिहीत गेले. बहुधा गणित असावं, कारण मधेच थांबून त्यांनी ते खोडलं. मशिदीतली बांग आणि देवळातली घंटा एकदमच सुरू झाली, आणि पानटपरीवरच्या रेडिओनं आपला आवाज आदबीनं बारीक केला.

या सगळ्यात अमृत होता. काळासावळा, तिशीच्या आतला, मनगटापर्यंत ग्रीस. समोर मोटारीचं पोट उघडून तांब्याची तार भरत बसलेला. आणि त्याचं वागणं बघून तात्या चकित होत गेले.

आधी त्यानं एका कुत्र्याला बिस्किट घातलं. कुत्र्यानं बिस्किटाकडं पाहिलं, मग अमृतकडं पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकलं. त्याच्यावर हा प्रसंग पहिल्यांदाच आलेला दिसत होता. मग अमृत उठला आणि रस्त्याच्या कडेला भाजी विकणाऱ्या लंकाबाईची पाटी त्यानं आदरानं उचलून डोक्यावर घेतली.

“मावशी, चला, घरी पोचवतो.”

“आरं मुडद्या, ठिव खाली!” लंकाबाई ओरडली. “आत्ताच मांडलीया! कुटं चाललास माझी मेथी घिऊन?”

अमृतनं पाटी खाली ठेवली आणि गोड हसला. नंतर त्यानं रस्त्यातला एक दगड उचलून बाजूला टाकला, एका अनोळखी म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला, आणि म्हातारा “कोन रं तू?” म्हणाला तरी हसतच राहिला. चहावाला पप्पू ग्लास घेऊन आला तेव्हा त्यानं पैसे आधी दिले आणि चहा मागून घेतला. काच समोर असून तिच्यात बघितलं नाही. खुर्चीच्या पाठीला हात पुसणं सोडाच, खुर्चीच पुसली.

तात्यांना कौतुक वाटायला लागलं, आणि कौतुकाच्या मागोमाग खाज सुटावी तसं काहीतरी व्हायला लागलं. इतकं चांगलं माणूस त्यांनी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात पप्पू तात्यांसमोर चहा ठेवत, काही विचारलं नसताना म्हणाला, “अमृत म्हंजी सोनं हाय बघा, पावणं. सुपारीच्या खांडाचं व्यसन न्हाई.”

तात्या “बरं” म्हणाले.

शेजारचा न्हावी दारात टॉवेल झटकायला आला. टॉवेल झटकून झाल्यावर तो आभाळाला म्हणाला, “आमचा अमृत म्हंजी सोनं. सुपारीच्या खांडाचं व्यसन न्हाई.”

तात्यांचा चहा ओठाशी थांबला.

मग मागून, गल्ल्यावरून, मोहनबाई बोलली. “भाऊ, समोरचा तो मुलगा बघितलात का? अगदी सोनं आहे हो. त्याला सुपारीच्या—”

“खांडाचं व्यसन न्हाई,” तात्या म्हणाले आणि वळले. “बाई, मी तुमाला काय इचारलं का?”

मोहनबाईला इतका वेळ दाबून धरलेलं हसू आवरेना. “भाऊ, रागावू नका. तुम्ही या पायरीवर बसलात की सगळ्या पेठेला कळतं कुणाच्या तरी घरी मांडव पडणार. मागच्या वेळी सोनाराच्या मुलासाठी बसला होतात. त्याआधी पोस्टातल्या. आमचे शेठ तर म्हणतात, बोरीचे तात्या आले, आता अक्षतांचे तांदूळ महागणार.”

“तुमी वळखता मला?”

“अहो, कोथिंबीर!” मोहनबाई म्हणाली. “बोरीचा शेतकरी. चार वाफे कोथिंबीर घरात. आणि तो एस.टी.चं तिकीट काढून जुन्नरात येतो आणि एक जुडी विकत घेतो? भाऊ, त्या जुडीवरूनच तर ओळखतात सगळे.”

तात्यांनी पिशवीकडं पाहिलं. जुडी त्यांच्याकडं पाहत होती. तीस वर्षं. मंचर, घोडेगाव, ओतूर, ओझर. सगळीकडं ती हसणारी माणसं त्यांना आठवली आणि एकेकाचं हसू आता निराळंच दिसायला लागलं. मग त्यांना आणखी वाईट शंका आली. जी पोरं त्यांनी पास केली ती चांगली होती म्हणून पास झाली, की नाटकात हुशार होती म्हणून? आणि जी नापास झाली, नाडीवाला, काचवाला, ती बिचारी नुसतीच बेसावध होती की काय?

समोर अमृत पुन्हा एकदा कुत्र्याला हाक मारत होता. कुत्रं निघून गेलं होतं.

तात्यांनी ठरवलं, उठावं. पण घरी जाऊन सांगावं काय? ‘द्या’ म्हणावं तर पाहिलेलं सगळं खोटं. ‘नको’ म्हणावं तर भाकऱ्या. आणि सकाळी आठला फोन. ते तसेच बसून राहिले.

सात वाजले आणि लाइट गेली. त्या वर्षी रोजच जायची, लोकांनी घड्याळं तिच्यावर लावावीत इतकी वेळेवर. सगळी पेठ एका फुंकरीत विझली. अंधारात सगळे उजेडापेक्षा मोठ्यानं बोलायला लागले. रेडिओ गप्प झाला तेव्हा कळलं की आभाळात चांदण्या केव्हाच्या येऊन बसल्यात. शिवनेरी नुसता एक जास्तीचा काळोख होऊन उभा होता. मोहनबाई “चार्जिंगचा दिवा बघते हं” म्हणून आत गेली आणि तिथंच कुणाशी तरी बोलत राहिली.

पायरीवर तात्यांची पांढरी टोपी तेवढी दिसत होती. पुखराजशेठही पांढरी टोपीच घालत, आणि मंदिरातून आल्यावर लाइट नसली की याच पायरीवर टेकत.

रस्ता ओलांडून पावलं आली. कुणीतरी धप्पकन शेजारी बसलं आणि लांब उसासा टाकला.

“शेठ, गेलं का म्हातारं?”

आवाज अमृतचा होता. तात्यांनी श्वास रोखला. पुखराजशेठना फार बोलायची सवय नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं.

“हं,” तात्या म्हणाले.

“सुटलो बाबा. शेठ, हसून हसून माझे गाल दुखायला लागले. लंकामावशी उद्या मला काकडी फेकून मारणार. आणि पप्प्याला म्हणलं व्हतं, सहज काहीतरी चांगलं बोल. तर त्यानं समद्यांना एकच वाक्य वाटलं, प्रसादासारखं!”

“हं.”

“पन करणार काय? लोक म्हणाले, बोरीचं म्हातारं लई डेंजर हाय, चप्पल-बुटावरनं स्थळ मोडतं. मला हे मोडायचं न्हाई, शेठ.”

कुठंतरी मेणबत्ती पेटली आणि तिच्यामागं एक भिंत उगवली.

“फोटो बघितला मी तिचा,” अमृत हळू म्हणाला. “समद्या पोरी फोटोत गोड हसतात. हिच्या कपाळाला आठी हाय. फोटोवाला हस म्हणला असंल आणि ही त्याच्यावर चिडली असंल. ती आठी बघून मला बरं वाटलं. दिवसभर मी मोटारींशी बोलतो. घरी कुणीतरी खरं बोलणारं पायजे.”

तो फोटो नारायणगावला काढला तेव्हा ते स्वतः हजर होते. फोटोवाला हस म्हणाला होता. ही चिडली होती.

अंधारात डबीचं टोपण वाजलं. तंबाखू मळल्याचा आवाज आला, मग दोन टाळ्या, आणि ओळखीचा वास. इथं सुपारीच्या खांडाची गोष्ट कायमची मिटली.

“घ्या शेठ,” अमृत हसत म्हणाला आणि तळहात पुढं केला. रोजची थट्टा असावी.

आणि इथं तात्यांचा हात त्यांना न विचारता पुढं गेला. पन्नास वर्षांची सवय. मळलेली तंबाखू कुणी पुढं केली की बोरीचा माणूस विचार नंतर करतो. त्यांनी चिमूट उचलली आणि ओठाखाली सोडली.

शेजारी एकदम शांतता झाली. फार थोडा वेळ, एक एस.टी. लांबून हॉर्न वाजवून जाईल एवढाच.

“शेठ,” मग अमृत म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा जास्तच साधा झाला होता, “तुमचं गिऱ्हाईक बोरीत लई हाय. मुलगी कशीय हो? खरं सांगा.”

तात्या खाकरले. “सोनं हाय,” ते जाड आवाजात म्हणाले. “लई गरीब सोभाव. मान वर करून कुनाकडं बघत न्हाई.”

“हे तर पप्प्यासारखंच झालं की.”

तात्यांना झोंबलं. आयुष्यभर ज्या शिकवलेल्या स्तुतीचा त्यांनी तिटकारा केला, तीच आता त्यांच्या तोंडून, त्यांच्या लाडक्या नातीसाठी, जशीच्या तशी निघाली होती. ते थोडा वेळ छत्रीची मूठ फिरवत राहिले.

“बरं, खरं ऐक,” ते म्हणाले. “गरीब-बिरीब न्हाई. तिखट हाय. चिडली की दोन दिस बोलत न्हाई, आन् तिसऱ्या दिशी दोन दिसांचं एकदम बोलती. भाकरी गोल व्हत न्हाई तिची. ट्रॅक्टर सरळ चालवती, पन शेजाऱ्यानं बांध कोरला तर त्याच्या दारात जाऊन मोठ्यानं सांगती. माझ्... तिच्या आज्याला तर दिसातनं चारदा गप्प करती.”

“आणि?”

“आन् हसायचं कुटं ते कळत न्हाई. आमच्या... त्यांच्या आळीतल्या धोंडाबाईचा सासरा वारला. दहाव्याला समदी नदीवर हात जोडून उभी, कावळा पिंडाला शिवंना, आन् ही पोर फिस्सदिशी हसली. समदं गाव वळून बघाय लागलं.”

“कशाला हसली?”

“कुनाला म्हाईत. सांगितलंच न्हाई तिनं आजपत्तूर.”

अमृतनं डबी खिशात टाकली. तात्यांना वाटलं, मोडलं. स्वतःच्या तोंडानं मोडलं. आता चिमाबाईंना काय सांगू, संपतला काय सांगू, आणि त्या पोरीला तर काय तोंड दाखवू.

तेवढ्यात बॅटरीचा झोत त्यांच्या तोंडावर पडला.

“अरे!” खरे पुखराजशेठ मंदिरातून परतून समोर उभे होते. “मुलगा आणि आजेसासरा एकाच पायरीवर? मी मंदिरात गेलो तेवढ्यात साखरपुडा उरकलात की काय?”

तात्या ताडकन उठले. अंगावरचं सगळं मोठेपण गोळा करून ते म्हणाले, “मी कोथिंबिरीला आलतो.”

आतून मोहनबाईचं हसू ऐकू आलं. मग न्हाव्याचं. मग अंधारातून, रस्त्याच्या दोन्ही कडांनी, पेठभर हसू पसरत गेलं. सगळी पेठ कान देऊन बसली होती.

तात्यांनी अमृतकडं पाहिलं. त्याला धक्का बसला असेल, तो पळेल, पाया पडेल, असं त्यांना वाटलं होतं. तो आरामात बसला होता.

“बसा तात्या,” तो म्हणाला. “अजून गाडीला येळ हाय.”

“तू... तुला कवा कळलं?”

“शेठ दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब तोंडात घेत न्हाईत. मी रोज डबी पुढं करतो, ते रोज हात जोडतात. आज त्यांनी चिमूट उचलली, तीबी अशी भरघोस. म्हणलं, हे काय जैनाचं काम न्हाई.”

“म्हंजी पोरीचं इचारलंस ते...”

“माणूस कोन हाय ते कळल्यावरच इचारलं. तिच्याबद्दल तुमच्यापरीस जास्त ठाऊक कुनाला असणार?” अमृत उठला, पँट झटकली. “तुमचीच रीत, तात्या. फक्त तुमी गप बसता, मी इचारलं.”

तीस वर्षांत बहिरूतात्यांची कुणी चौकशी केली नव्हती. आणि ज्यानं केली त्यानं त्यांच्याच तंबाखूच्या सवयीवर केली. चिडावं की काय करावं, ते त्यांना ठरवता येईना. मग पुखराजशेठनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा ते हसले. आधी बारीक, मग खोकला येईपर्यंत.

अमृत त्यांना स्टँडपर्यंत सोडायला आला. पिशवी घेऊ का म्हणाला नाही, छत्री धरली नाही, वाकून नमस्कारही केला नाही. वाटेत एकाशी मोटारीवरून भांडला. स्टार्टर आपोआप बंद पडू नये म्हणून त्याला फळी ठोकून मोटार चालवतोस आणि जळली की माझ्या नावानं ओरडतोस, असं त्याला भर रस्त्यात सुनावलं. बोरीची मुक्कामी गाडी लागली होती. तात्या चढले, खिडकीशी बसले. खालून अमृत म्हणाला,

“तात्या, व्हय म्हणा नाय म्हणा, ते तुमच्यावर. पन तेवढं एक तिला इचारा माझ्याकडनं.”

“काय?”

“दहाव्याला कशाला हसली.”

गाडी निघाली. नारायणगाव येईपर्यंत तात्या हिशेब लावत होते. चिमूट घेण्याआधी तो जे बोलला ते शेठशी बोलला, म्हणून ते खरं. चिमटीनंतरचं मात्र त्याला माहीत होतं की ऐकणारा कोण आहे. मग आठीचं तो कधी बोलला? आधी. मोटारींशी बोलतो म्हणाला ते? तेही आधी. आणि नंतर तर तो स्वतः काही बोललाच नव्हता, नुसतं विचारत होता. तात्यांनी हे दोनदा तपासून बघितलं, आणि नारायणगावच्या पुढं त्यांना खिडकीला टेकून झोप लागली.

सकाळी साडेसातला चिमाबाई फोनजवळ पाट मांडून बसल्या होत्या. हर्षाली अंगणात ट्रॅक्टरचं चाक धूत होती, म्हणजे एकच चाक अर्धा तास धूत होती.

“मंग?” चिमाबाई म्हणाल्या. “कुटली खोड काढलीत?”

“तंबाखू खातो.”

“तुमी काय खाता, पेढं?”

“आन् नाटक करतो. पन लई वंगाळ करतो, लगीच कळतं.” तात्या ओट्यावर सावकाश बसले. “द्या म्हनतो मी.”

चिमाबाईंनी हात जोडले, देवाला की नवऱ्याला ते कळलं नाही. पण अंगणातलं पाणी वाजायचं थांबलं.

“तात्या,” हर्षाली म्हणाली, “त्यांनी माझं काही विचारलं का?”

“इचारलं.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

तात्यांनी आभाळाकडं पाहिलं, मग गोठ्याकडं. लपवून काही उपयोग नव्हता. पोरीनं चौथ्या वाक्याला काढून घेतलंच असतं. त्यांनी सगळं सांगितलं: तिखटपणा, भाकरी, बांध, दोन दिवसांचा अबोला. हर्षालीच्या कपाळावर ती आठी हळूहळू चढत गेली.

“आणि दहाव्याचं?”

“त्येबी.”

“तात्या!” ती बादली आपटून उठली. “एवढं सगळं सांगितलंत? स्थळ मोडायलाच गेला होतात का तुम्ही? काय म्हणाला मग तो? उठून गेला असेल.”

“न्हाई गेला. तुला इचारलंय त्यानं,” तात्या म्हणाले, “कशाला हसलीस म्हनून.”

हर्षाली उभी राहिली. तिच्या हातातून पाणी ठिबकत होतं. तिला ती सकाळ आठवली असावी. नदी, दर्भ, ताटकळलेली माणसं, वर फांदीवर बसलेला तो हट्टी कावळा. तिचा एक गाल आतून हलला. तो तिनं दातांनी धरला, तरी हलला.

“मलाबी सांग की,” तात्या पुढं सरकून म्हणाले. “सा म्हैनं झालं, मीबी इचारतोय.”

“तुम्हाला नाही,” हर्षाली म्हणाली. “त्यालाच सांगेन.”

आणि वळून, ओढणीनं हात पुसत, तिनं आजीकडं न बघताच ओरडून सांगितलं, “आजे, आठ वाजायला आले. फोन लाव ना, काय बसलीयस!”